स्वच्छ जमिनीचा नकाशा

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि उल्का रामटेकेने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर तिनेच केलेला नकाशा होता. हिरव्या जंगलावर पिवळे, नारिंगी आणि लाल डाग. जिथे लाल, तिथे जमिनीखाली माणूस पुरलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कंपनीचे मालक सुदर्शन दामले हातातल्या लेझरचा ठिपका त्या डागांवरून नाचवत होते.

"हा आमचा हॉटस्पॉट," ते म्हणाले. "इथे पहिल्याच खोदाईत सक्सेस मिळाला."

सक्सेस म्हणजे दोन माणसांची हाडं होती.

भाषण झाल्यावर वेणूबाईंचा सत्कार झाला. वेणूबाई मडावी मार्केट यार्डात लसूण निवडायच्या. त्यांचा नवरा हिंमतराव पंचवीसेक वर्षांपूर्वी गडचिरोलीकडच्या कोसमडोह या त्यांच्या गावातून उचलून नेला गेला, तो परत आला नव्हता. निवेदिकेने त्यांचा उल्लेख 'या प्रकल्पाच्या एक लाभार्थी' असा केला. सुदर्शन सरांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, फोटोसाठी थोडं वळायला सांगितलं. खाली उतरल्यावर वेणूबाईंनी उल्काला हळूच विचारलं, "पोरी, हे नारळ काहाचं आहे? त्याईले तो सापडला का?"

"नाही हो, मावशी. अजून नाही."

"मंग?"

उल्काने नारळ स्वतःच्या हातात घेतला.

बाहेर जेवणं सुरू झाली होती. मसालेभात, अळूवडी, मठ्ठा, जिलबी. एक टापटीप गृहस्थ ताट घेऊन उल्काजवळ आले. "तुम्हीच ना ती मुलगी? फारच इंटरेस्टिंग. मला सांगा, साधारण किती खोलवर सापडतात हो? म्हणजे कुत्री-कोल्ही उकरून काढत नाहीत?" असं म्हणत त्यांनी जिलबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवला आणि तोंडात टाकला. त्यांच्या हनुवटीवर मठ्ठ्याचा ओघळ आला. उल्काने भरलेलं ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि ती वेणूबाईंना घेऊन रिक्षा शोधायला निघाली.

उल्का चंद्रपूरची. भूगोलाची पदवी घेऊन पुण्यात आली, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करायला शिकली आणि हडपसरच्या त्या कंपनीत लागली. वडील गेल्यावर आई, चंपाबाई, तिच्याकडेच राहायला आल्या. इतकी वर्षं तिने पिकांचे, पाइपलाइनींचे, मोबाइल टॉवरचे नकाशे केले. मग एक दिवस तेजस्विनी मोहिते नावाची वकील कंपनीत आली. तिने कोसमडोह आणि आसपासच्या गावांमधल्या बेपत्ता माणसांच्या कुटुंबांची एक समिती बांधली होती. त्यातली बरीच कुटुंबं पोटामागे पुण्याला आलेली. कोणी हमाली करत होतं, कोणी कारखान्यात होतं, कोणी बांधकामावर. तेजस्विनीला एवढंच विचारायचं होतं, की एवढ्या मोठ्या जंगलात कुठे शोधायचं हे नकाशावरून ठरवता येतं का. सुदर्शन सरांनी काम फुकट करून द्यायचं कबूल केलं. सामाजिक बांधिलकी म्हणाले.

त्या काळात कोसमडोहच्या एका बाजूला जंगलातले बंदूकवाले होते आणि दुसऱ्या बाजूला वर्दीतले. मधे गाव. दिवेलागणीला कोणीतरी यायचं, 'जरा चल, विचारायचंय' म्हणायचं आणि माणूस जायचा तो जायचाच. कोणाला कोणी नेलं हे माहीत असलेली माणसंही आजवर ते मोठ्याने बोलत नव्हती. हिंमतराव तेंदूपत्त्याच्या फडीवर, बिडीची पानं विकत घेतात तिथे, मुन्शी होता. पानांचे पुडे मोजून घ्यायचं काम. दोन्हीकडच्या लोकांशी बोलावं लागायचं, म्हणून दोन्हीकडच्यांना तो दुसऱ्यांचा वाटायचा.

मारणारी माणसं आळशी असतात, हे उल्काला या कामात कळलं. मेलेला माणूस जड असतो. तो गाडीरस्त्यापासून फार लांब नेत नाहीत. खडकाळ जागा टाळतात, मऊ माती बघतात. पुराचं पाणी जिथली माती धुऊन नेतं तिथे पुरत नाहीत. उकरलेल्या जागेवर पुढची काही वर्षं गवत वेगळं उगवतं, आणि जुन्या उपग्रह छायाचित्रांत ते नीट पाहिलं तर दिसतं. या सगळ्याचे थर तिने एकावर एक ठेवले आणि त्यावर कुटुंबांनी सांगितलेल्या गोष्टी मांडल्या: माणूस शेवटचा कुठे दिसला, गाडी कुठल्या बाजूला गेली, कुठे गुरं चारायला मनाई झाली.

पहिली खोदाई दंडाधिकारी आणि डॉक्टर यांच्या समोर झाली. उल्का तिथे होती. मातीतून चपलेचा पट्टा निघाला, मग बरगड्या, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आलं!" परीक्षेत गणित सुटल्यावर निघतं तसं. शेजारी एक बाई भावाचा फोटो छातीशी धरून उभी होती. तिने उल्काकडे नुसतं पाहिलं. त्या क्षणी उल्काला स्वतःची जी किळस आली, ती पुण्याला परतल्यावर कितीही साबण लावला तरी जाईना.

सभागृहातल्या त्या कार्यक्रमानंतर आठवडाही झाला नव्हता. सुदर्शन सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बस. छोटंसं काम आहे. ही एका जागेची हद्द आहे. तुझा नकाशा एवढ्यापुरता कापून द्यायचा. फक्त लाल भाग, मोजमापासकट."

उल्काने स्क्रीनवर हद्द पाहिली. नाल्याचं ते वळण तिला आता झोपेतही ओळखू आलं असतं.

"सर, हे कोसमडोह आहे."

"हो का? उत्तम. म्हणजे सगळं तयारच आहे."

"कोणाला हवंय?"

"एक दगडखाणवाले आहेत. त्यांना तिथे लीज मिळालंय. उद्या काम सुरू झालं आणि मध्येच काही निघालं, तर पोलीस येणार, कोर्ट येणार, वर्ष वर्ष मशिनं उभी. त्यापेक्षा आधीच कळलेलं बरं, नाही का?"

"कळल्यावर ते काय करणार?"

"तो त्यांचा प्रश्न."

"सर, ते आधी तिथेच पोकलेन घालतील. कोणी बघायच्या आत."

सुदर्शन सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "त्यांचा शब्द आहे साइट क्लिअरन्स. स्वच्छ जमीन. तू त्यात नसतं काही वाचू नकोस."

"त्या माणसांच्या बायकांनी, बहिणींनी सांगितलं म्हणून हा नकाशा झाला. त्यांना शोधायला. फेकून द्यायला नाही."

"अहो बाई," आता ते 'अहो'वर आले, म्हणजे चिडले होते. "आपण पुरातत्त्व खातं चालवत नाही. हाडांना तिथे पंचवीस वर्षं झाली. त्यांना घाई नाहीये. क्लायंटला आहे."

उल्का त्यांच्याकडे पाहत राहिली. गोरापान, नीट दाढी केलेला, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला आवर्जून जाणारा माणूस. त्याच्या ओठांच्या कडेला सकाळच्या कॉफीचा पांढरा फेस वाळून राहिला होता. तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"मी करणार नाही."

"नको करूस. आयुष करेल. तासाभराचं काम आहे."

आयुष तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. चांगला मुलगा, वाढदिवसाला सगळ्यांसाठी केक आणायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर ती जागेवर आली तेव्हा तो वेफर खात खात तीच हद्द कापत होता. तेलकट बोटं माउसवर.

"आयुष, हे काय आहे माहितीये ना तुला?"

"अगं, मी फक्त क्लिप करतोय. अॅनॅलिसिस तर तुझंच आहे." मग मान वाकडी करून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हे लाल जरा भडक वाटतंय ना? क्लायंटला मोरपंखी देऊ का? शांत दिसेल."

उल्का उठली, स्वच्छतागृहात गेली आणि भडभडून ओकली. चहा, डब्यातली पोळी, सगळं. तोंड धुऊन आरशात पाहिलं तर डोळ्यांतल्या शिरा लाल झालेल्या. ती तशीच खाली उतरली. राजीनामा तिने घरूनच पाठवला.

"काहून वं, जेवत काहून नाही?" रात्रीच्या ताटावर चंपाबाईंनी विचारलं. उल्काने सगळं सांगितलं. चंपाबाईंनी भाजीवर झाकण ठेवलं. मग ताट उचलून नेताना म्हणाल्या, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं होतं. लोकं याच्यासाठी शिकले का?"

दुसऱ्या दिवशी ती शिवाजीनगरला तेजस्विनीच्या कार्यालयात गेली. तेजस्विनी तोंडाने फटकळ होती आणि आज तर तिच्या रागाला धारच चढली.

"नकाशा त्यांच्या मालकीचा. करारात तसं आहे. जबान्यांची रेकॉर्डिंगही त्यांचीच, कारण फुकट मिळतंय म्हणून मी बावळटासारखी हो म्हणाले. तू त्यातलं काही उचलून आणलंस तर उद्या तूच चोर ठरशील, आणि कोर्टात आपला कागद कोणी हातात धरणार नाही."

"मी काही आणलेलं नाही. लॅपटॉप परत केला. पण माणसं तर त्यांच्या मालकीची नाहीत ना? ती पुन्हा सांगू शकतात. उपग्रहाची जुनी छायाचित्रं सगळ्यांना मोफत मिळतात. मी पहिल्यापासून करते."

"पुन्हा सांगायचं," तेजस्विनी म्हणाली. "तू विचारणार आहेस वेणूबाईंना? का मी?"

"मी विचारते."

मार्केट यार्डात लसणाच्या गाळ्यामागे वेणूबाई फतकल मारून बसल्या होत्या. समोर ढीग, बाजूला कुजलेल्या पाकळ्यांचा दुसरा ढीग. त्याला सुटलेली आंबूस घाण नाकात शिरत होती. उल्का उकिडवी बसली आणि काही न लपवता तिने सांगितलं. वेणूबाईंचे हात थांबले नाहीत. फोलपटं उडत राहिली.

"म्हंजे आमी सांगतलं, त्याच्यावरून त्याईनं जागा काढली," त्या अखेर म्हणाल्या. "आन् आता तेच जागा उकरून त्याले कचऱ्यासारखं फेकतीन."

"हो."

वेणूबाई बाजूला थुंकल्या. "मी त्या कंपनीले नाही सांगतलं. तुले सांगतलं होतं."

"हो, मावशी."

"आन् आता तू म्हणतं का पुन्हा सांग. एकदा ओकलेलं पुन्हा ओक." त्यांनी कुजक्या पाकळ्यांची मूठ उचलली आणि उल्काच्या पायाजवळ टाकली. "जा तू. मले काम आहे."

उल्का गेली. पण तिने बाकीच्यांना विचारणं सोडलं नाही. हडपसरच्या बुद्धविहाराचं सभागृह चंपाबाईंनी रविवारी मिळवून दिलं. चहाचं पातेलं त्यांनीच चढवलं. माणसं भीत भीत आली. कोणी मुलाला घेऊन, कोणी बहिणीला. तेजस्विनीने या वेळी सगळ्यांना आधी सांगितलं, की तुम्ही बोलाल ते तुमचंच राहील, समितीशिवाय कोणाला देता येणार नाही. मग एकेक जण बोलत गेला आणि उल्का टिपत गेली. दुपारी उशिरा, बहुतेक जण निघून गेल्यावर, वेणूबाई दारात दिसल्या. सोबत मुलगी नम्रता होती. ती चाकणच्या कारखान्यात कामाला होती आणि बाप नेला गेला तेव्हा पाळण्यात होती.

वेणूबाई सतरंजीवर बसल्या. चहा नको म्हणाल्या.

"मागच्या वक्ताले मी सगळं नाही सांगतलं," त्या म्हणाल्या. "लिव."

उल्काने मान हलवली.

"ते आले तं म्हणाले, भूक लागली. मी कोंबडी कापली. भात टाकला. पाच जणं होते. ओसरीवर बसून जेवले. त्याईच्या हातावर पाणी हिच्या बापानंच घातलं." त्यांनी नम्रताकडे बोट दाखवलं. "पोटभर जेवले. एकानं पुन्हा रस्सा मागतला. चांगला झाला म्हणाला. मंग ढेकर देल्ला आन् म्हणाला, मुन्शी, चल जरा. जाता जाता दुसरा म्हणाला, बाई, फावडं आहे का घरी? मी देल्लं. मले काय ठाऊक काहाले पाहिजे? गाडी फसली असन म्हटलं."

नम्रताने हे आजवर ऐकलेलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सकाळी उठली तं फावडं दाराशी टेकवून ठेवलेलं. परत आणून देल्लं. भल्या मानसासारखं. त्याले पांढरी माती चिकटली होती. ओली, गच्च. मी राखेनं घासलं ते. घासू घासू धुतलं." वेणूबाईंनी तोंडावर पदर घेतला. रडायला नाही. उमासा दाबायला. "त्या कोंबडीचा वास अजून येते मले. लसूण सोलतो तं त्याच्यातही येते."

तेजस्विनी उठून खिडकीशी गेली. उल्काने लिहिलं ते दोनदा वाचलं. पांढरी माती. कोसमडोहची जमीन वरून तांबडी होती. पांढरा थर खाली खोलवर.

"मावशी, पांढरी माती गावात कुठे होती?"

"बोडी खोल केली होती त्या साली. सरकारी कामावर. त्याचीच काढलेली माती पाळीवर टाकली होती."

बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. त्याची पाळ म्हणजे कडेचा बांध. उल्काला ती जागा आठवत होती. तिच्या जुन्या नकाशात ती हिरवीगार होती, एकही डाग नसलेली, कारण ती घरांना लागून होती. ओसऱ्यांवरून समोर दिसणारी. जिथून घरं दिसतात तिथे कोणी माणूस पुरणार नाही, असं तिनेच धरलं होतं. मारणाऱ्याला लपवायचं असतं, असं तिने मानलं होतं.

घरी येऊन तिने जुनं चित्र उघडलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बोडीची पाळ पांढरीशुभ्र दिसत होती. ताजी, भुसभुशीत माती, गाडीरस्त्याला चिकटून. आळशी माणसाला याहून सोयीची जागा मिळाली नसती. त्यांना लपवायचंच नव्हतं. कोणी पाहिलं तर पाहू दे. पाहिलेलं सांगायची कोणाची छाती होती? तिने तो 'घरांवरून दिसतं-दिसत नाही' हा थर नकाशातून काढून टाकला. हिशोब पुन्हा चालवला. डाग जंगलातून सरकत सरकत गावाजवळ आले. घरांच्या मागे, विहिरीच्या वाटेवर, बोडीच्या पाळीवर. माणसं आपल्याच माणसांच्या शेजारी पुरलेली, आणि घरची माणसं वर्षानुवर्षं त्यावरून ये-जा करणारी. खुर्चीतून न उठता तिने एकेका डागाचं मोजमाप वहीत उतरवून काढलं.

तेजस्विनीने नागपूरच्या खंडपीठात अर्ज केला. जबान्या, नवा नकाशा, उल्काचं शपथपत्र. सुनावण्या झाल्या. खाण कंपनीचे वकील म्हणाले की आमच्याकडे एका नामांकित संस्थेचा नकाशा आहे, त्यात बोडीचा भाग संपूर्ण स्वच्छ दाखवलाय, आणि तिथेच आम्ही खडी फोडायचं यंत्र बसवतोय. तो नकाशा त्यांनी स्वतःहून कोर्टापुढे ठेवला. कोपऱ्यात सुदर्शन सरांच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं आणि डाग मोरपंखी होते.

"धन्यवाद," तेजस्विनी त्यांना म्हणाली. "हा नकाशा बेपत्ता माणसांची थडगी शोधण्यासाठी केलेला आहे. तो आपल्याकडे कशासाठी आहे, एवढंच सांगा."

ते त्यांना नीट सांगता आलं नाही. कोर्टाने काम थांबवलं आणि दंडाधिकाऱ्यांसमोर खोदाईचा आदेश दिला.

पण तोवर जंगलातल्या दोन जागा गेल्या होत्या. उल्का आणि तेजस्विनी तिथे पोचल्या तेव्हा मोरपंखी डागांच्या ठिकाणी खोल, चौकोनी खड्डे होते, कडा सुरीने कापल्यासारख्या. झाडंसुद्धा मुळासकट गेलेली. तिथल्या मुकादमाला विचारलं तर तो तंबाखू मळत म्हणाला, "माती? ती तं रोडच्या भरावाले गेली. नवा रोड होते ना तिकडे. टिप्परच्या टिप्पर गेले."

"मातीत काही निघालं का?"

"मुळ्या होत्या. दगडं होते." त्याने तंबाखू दाताखाली ठेवली. "आमी काय चाळून पाहतो का, म्याडम?"

बोडीच्या पाळीवर मात्र यंत्र पोचलं नव्हतं. हळूहळू, ब्रशने, चाळणीने माती बाजूला केली. तीन माणसं निघाली. एकावर एक टाकलेली. उल्काच्या तोंडून या वेळी काही निघालं नाही. तिने ओठ घट्ट मिटून धरले होते.

नम्रताच्या रक्ताचा नमुना घेतला होता. अहवाल यायला बरेच महिने गेले. तो आला तेव्हा तेजस्विनीच्या कार्यालयात चौघी होत्या. तिघांपैकी एकाचा नमुना कोणाशीच जुळला नाही. एक शेजारच्या गावातला निघाला. आणि एक हिंमतराव मडावी.

नम्रता हुंदके देऊन रडू लागली. बापाचा चेहरा आठवत नसलेली मुलगी, तिला काय आठवून रडू आलं कोण जाणे. वेणूबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. तेजस्विनीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मावशी, मिळाले ते."

"बोडीवर," वेणूबाई म्हणाल्या.

"हो. पाळीवर."

"गाव सोडेपर्यंत त्याच बोडीचं पाणी पेलं मी." त्या सरळ समोर पाहत होत्या. "हिलेही पाजलं. भांडे घासले. पावसात पाळ झिरपे, ते पाणी बोडीतच जाये. आन् ते लोकं गावात येत होते. माह्या डोक्यावर पाण्याचा गुंड पाहत होते. एक जण एकदा म्हणाला, वैनी, जरा पाणी पाजता का? मी पाजलं." त्यांचा हात तेजस्विनीच्या हाताखालून निघाला आणि त्यांनी तो साडीला पुसला, पुन्हा पुसला. "त्याले माहीत होतं. पेला तो ते पाणी. हासला."

उल्काने टेबलावरचा पाण्याचा पेला वेणूबाईंच्या नजरेआड सरकवला. बोडीचं ते पाणी प्यायलेली बाई तिच्यासमोर ताठ बसली होती.

अवशेष ताब्यात मिळाले तेव्हा गावच्या नातेवाइकांनी कळवलं की आपल्याकडे मातीच देतात, गावी आणा. वेणूबाईंनी नाही म्हटलं.

"मातीत नाही. मातीतून काढलं त्याले. जाळा."

हडपसरच्या स्मशानात सकाळी मोजकी माणसं जमली. मार्केट यार्डातल्या काही बाया कामावर जायच्या आधी आल्या होत्या. चंपाबाई आल्या होत्या. पांढऱ्या कापडातलं गाठोडं इतकं लहान होतं, की तिथल्या माणसाने आधी मुलाचं आहे का असं विचारलं. नम्रताने अग्नी दिला. वेणूबाई धग लागेपर्यंत जवळ उभ्या राहिल्या आणि ज्वाळा वर चढल्यावरच मागे सरकल्या.

त्याच दिवशी उल्काच्या फोनवर सुदर्शन सरांचा निरोप आला. जुनं विसरून जाऊ, तुझं यश हे आपल्या सगळ्यांचं आहे, या केसवर परदेशात एक सादरीकरण द्यायचंय, बोडीचे फोटो मिळतील का. उल्काने तो निरोप तेजस्विनीला दाखवला.

"काय लिहू?"

"काही लिहू नकोस. नंबर काढून टाक. हात धुऊन घे."

स्मशानाच्या नळावर तिने खरोखरच हात धुतले. वेणूबाई शेजारच्या नळावर पाय धूत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाकीचे, पोरी? ज्याईची माती नेली?"

"ती नव्या रस्त्याखाली गेली, मावशी."

"त्या सडकेवरून गाड्या चालतात का?"

"चालतात. मागच्या महिन्यापासून."

वेणूबाई नाल्यात जोरात थुंकल्या. तोंड धुतलं. "मंग ते मानसं काढाचे कोठून?"

उल्काने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथल्याच सिमेंटच्या बाकावर उघडला. गेले काही आठवडे ती रस्त्याची छायाचित्रं एकापुढे एक ठेवत होती. भराव कुठून सुरू झाला, कुठल्या आठवड्यात कुठवर पोचला, जंगलातले ते खड्डे खणले गेले तेव्हा टिप्पर रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर रिकामे होत होते. दोन पट्टे लाल झाले होते, एक पुलाच्या अलीकडे, एक पलीकडे.

"इथे," ती म्हणाली. "तेजस्विनीताई पुढच्या आठवड्यात अर्ज करतायत. डांबर फोडायला लागेल. लोक ओरडतील. नवा रस्ता आहे."

वेणूबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि स्क्रीनवर वाकून पाहिलं.

"ओरडू दे," त्या म्हणाल्या. "फोडा."